अप्रेझलचं पत्र हातात आल्यावर: कमी रेटिंग मिळालेल्यांसाठी पायरीपायरीने

जून-जुलै आला की नवी मुंबईतल्या ऐरोली, घणसोली, महापे पट्ट्यातल्या कंपन्यांच्या कॅन्टीनमध्ये आवाज खाली येतात. कुणाला किती मिळालं हे कुणी विचारत नाही आणि सगळ्यांना तेवढंच जाणून घ्यायचं असतं. वर्षभर राबूनही ज्यांच्या अप्रेझलच्या, म्हणजे वर्षाच्या कामाच्या मूल्यमापनाच्या, पत्रात ‘मीट्स एक्स्पेक्टेशन्स’ (काम अपेक्षेइतकंच) हे रेटिंग आणि पाच टक्के पगारवाढ आलेत, आणि आपल्यावर अन्याय झालाय अशी ज्यांची खात्री आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी काही वर्षं रेटिंग घेतली, पुढे काही वर्षं ती दिली. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंना काय चालतं ते थोडंफार ठाऊक आहे.

पुढच्या सगळ्या पायऱ्या एकाच गोष्टीवर उभ्या आहेत. तुमचं रेटिंग अशा खोलीत ठरतं जिथे तुम्ही नसता, आणि तिथे तुमच्यासाठी बोलायला तुमच्या मॅनेजरला जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळतात. राग आलाच आहे तर तो त्या मिनिटांवर खर्च करा.

पहिली पायरी: त्या दिवशी काहीही पाठवू नका

पत्रं हमखास शुक्रवारी संध्याकाळी येतात. सोमवारपर्यंत माणसं थंड होतील असा त्यामागे हिशोब असावा असं मला वाटतं, आणि खरं सांगायचं तर तो हिशोब तुमच्याही फायद्याचा आहे.

पोर्टलवर बटण दाबण्याआधी ते काय म्हणतंय ते वाचा. ‘अ‍ॅक्नॉलेज’ म्हणजे पत्र मिळालं, एवढंच. ‘अ‍ॅग्री’ किंवा ‘अ‍ॅक्सेप्ट’ म्हणजे मान्य आहे. बऱ्याच ठिकाणी बटणाशेजारी शेरा लिहायला एक चौकट असते आणि शंभरातले नव्वद लोक ती रिकामी सोडतात. तिथे एक ओळ लिहा: ‘पत्र मिळालं. रेटिंगबाबत चर्चेसाठी वेळ मागत आहे.’ यात तक्रार नाही, पण तुम्ही मुकाट्याने मान्य केलं असंही पुढे कुणाला म्हणता येणार नाही. काही कंपन्यांत ठरावीक दिवसांनी पत्र आपोआप मान्य झालं असं धरतात, म्हणून शेवटची तारीखही बघून ठेवा.

टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकू नका. ‘तुला किती?’ हे विचारू नका, कारण खरं उत्तर मिळालं तरी ते पुढे कुठेच वापरता येत नाही. रविवारी घरी आई विचारणार, साडू तर नक्कीच विचारणार. ‘पत्र आलंय, बोलणं चालू आहे,’ एवढ्यावर भागवा. आणि रात्री अकरा वाजता राजीनाम्याचा मेल लिहिलाच, तर ‘टू’च्या रकान्यात कुणाचंही नाव न घालता लिहा.

दुसरी पायरी: आकडे कागदावर मांडा

रेटिंग, पगारवाढ आणि पद या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्रात त्या एकत्र येतात म्हणून त्यांचा राग एकत्र येतो. आधी त्या सुट्या करा.

समजा तुमचा सीटीसी, म्हणजे कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च, ९,६०,००० आहे. पाच टक्के वाढ म्हणजे वर्षाला ४८,०००, महिन्याला ४,०००. आठ टक्के मिळायला हवे होते असं तुमचं म्हणणं असेल तर ते झाले वर्षाला ७६,८००, महिन्याला ६,४००. म्हणजे ज्याच्यावरून झोप उडाली तो फरक पीएफ आणि टॅक्स कापण्याआधी महिन्याला २,४०० रुपये. एवढ्यासाठी मॅनेजरशी कायमचं वाकडं घ्यावं का, हे तुमचं तुम्ही ठरवा. मात्र पुढच्या वर्षीची टक्केवारी याच आकड्यावर लागते. त्याच कंपनीत पाच वर्षं राहायचं असेल तर हा फरक दीड लाखाच्या पुढे जातो, आणि मग तो किरकोळ राहत नाही.

याहून महत्त्वाचं म्हणजे पत्राच्या मागचं जोडपत्र. पहिल्या पानावरचा टक्का सीटीसीवर असतो आणि घर चालतं ते फिक्स्ड, म्हणजे ठरलेल्या पगारावर. वरचंच उदाहरण घ्या. गेल्या वर्षी ९,६०,००० पैकी दहा टक्के व्हेरिएबल (कमी-जास्त मिळू शकणारा भाग) होतं, म्हणजे फिक्स्ड ८,६४,०००. यंदा आठ टक्के वाढून सीटीसी १०,३६,८०० झाला, पण व्हेरिएबल गुपचूप पंधरा टक्के केलं. फिक्स्ड उरला ८,८१,२८०. वाढ झाली १७,२८०, महिन्याला १,४४०. आठ टक्क्यांचे पेढे वाटून झाल्यावर कळतं की खरी वाढ दोन टक्के होती. हे ज्यांच्या बाबतीत झालंय त्यांनी रेटिंगवर भांडण्यात वेळ घालवू नये. त्यांचा प्रश्न एचआरला आहे आणि तो साधा आहे: व्हेरिएबलचं प्रमाण का बदललं, आणि गेल्या दोन वर्षांत व्हेरिएबल प्रत्यक्षात किती टक्के दिलं गेलं?

वाढ कोणत्या तारखेपासून लागू, तेही बघा. पत्र जुलैत आलं आणि वाढ एप्रिलपासून असेल तर तीन महिन्यांची थकबाकी मिळायला हवी.

पद वाढलं नसेल तर तो हिशोब वेगळा मांडायचा. बाहेरच्या बाजारात मागच्या वर्षीचं रेटिंग कुणी विचारत नाही, पद मात्र रेझ्युमेच्या पहिल्याच ओळीत दिसतं. पैसे आणि पद यांतलं एकच मागता येणार असेल तर मी पद मागेन.

तिसरी पायरी: त्या खोलीत काय होतं ते समजून घ्या

मार्चअखेर वर्ष संपतं. एप्रिलमध्ये तुम्ही सेल्फ अप्रेझल भरता, मॅनेजर आपला आकडा टाकतो, आणि मग मे महिन्यात कधीतरी एका मीटिंग रूममध्ये विभागातले पाच-सहा मॅनेजर बसतात. सगळ्यांची रेटिंग एकमेकांशी ताडून पाहणाऱ्या या बैठकीलाच कुणी कॅलिब्रेशन म्हणतं, कुणी नॉर्मलायझेशन. भिंतीवरच्या स्क्रीनवर एक्सेल शीट, त्यात चाळीस नावं, बाजूला एचआरची व्यक्ती.

जनरल इलेक्ट्रिकचे जॅक वेल्च १९८१ ते २००१ या काळात कंपनीचे प्रमुख होते. वरचे वीस टक्के, मधले सत्तर, खालचे दहा ही विभागणी त्यांनी गाजवली आणि जगभरच्या कंपन्यांनी ती उचलली. चाळीस जणांना हे माप लावलं की आठ वर, अठ्ठावीस मध्ये, चार खाली. सोसायटीच्या पार्किंगसारखं आहे हे: गाड्या चाळीस, स्टिल्टमधल्या जागा आठ, आणि नववी गाडी चांगली आहे की नाही याचा प्रश्नच येत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१३ साली ही सक्तीची उतरंड बंद केली, त्यानंतर अनेक कंपन्यांनी ‘आमच्याकडे आता बेल कर्व्ह (ही ठरावीक टक्क्यांची विभागणी) नाही’ असं जाहीर केलं. पण पगारवाढीचं बजेट ठरलेलं असतंच. आकड्यांची बेरीज बजेटमध्ये बसवायची म्हटलं की कर्व्ह मागच्या दाराने परत येतो.

आता खोलीत काय बोललं जातं ते ऐका. एक नाव येतं. मॅनेजर म्हणतो, ‘हा चांगला आहे. सिन्सिअर आहे. वेळेवर येतो.’ पुढचं नाव. तिचा मॅनेजर म्हणतो, ‘महिनाअखेरीला पेमेंट फाइल अडकायची ना, ते हिने बंद केलं. डिसेंबरपासून एकदाही अडकलेली नाही.’ तिसराच मॅनेजर मान वर करतो, ‘हो, माझ्या टीमलाही रात्रीचे फोन यायचे थांबले.’ झालं. पहिला कदाचित दुप्पट राबला असेल. पण त्याच्याबद्दल सांगण्यासारखं वाक्य त्याच्या मॅनेजरकडे नव्हतं आणि इतर चौघांनी त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं.

‘व्हिजिबिलिटी’ म्हणतात ती हीच. पुढे पुढे करणं, बॉसच्या मागे चहाला जाणं असा तिचा अर्थ लावून आपल्याकडची सरळ माणसं तिचा तिटकारा करतात. मला विचाराल तर खोलीतल्या आणखी एका मॅनेजरला तुमचं एक काम माहीत असणं, एवढीच ती गोष्ट आहे. महापे-रबाळेत अमेरिकेच्या वेळेप्रमाणे रात्रपाळी करणारे इथेच मागे पडतात. ते ऑफिसात येतात तेव्हा मॅनेजर मंडळी घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली असतात.

अजून एक. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या, हजारो मॅनेजरांच्या रेटिंगवर आधारलेल्या एका अभ्यासात असं दिसलं की रेटिंगमधल्या फरकाचा निम्म्याहून मोठा भाग रेटिंग देणाऱ्याच्या स्वतःच्या तऱ्हेमुळे असतो. कुणी हात राखून देतो, कुणी सढळ हाताने. पाचांच्या मापावरचा तुमचा ‘तीन’ दुसऱ्या मॅनेजरकडे ‘चार’ झाला असता ही शक्यता खरीच आहे. यात समाधान मानून गप्प बसा असं म्हणत नाही. पण ‘तीन’ म्हणजे मी तीन लायकीचा, असं वाटून आठवडाभर जेवण न जाणाऱ्यांना हे माहीत असावं.

चौथी पायरी: स्वतःची फाइल तयार करा

भेट मागण्याआधी एक संध्याकाळ याला द्या. केआरए समोर घ्या, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला ठरलेली उद्दिष्टं. बऱ्याच जणांनी ती मागच्या मे महिन्यात कॉपी-पेस्ट करून भरलेली असतात आणि त्यानंतर उघडलेलीही नसतात. आता उघडा. प्रत्येक उद्दिष्टापुढे दोन गोष्टी लिहा: काय झालं, आणि ते दिसतं कुठे. सोडवलेल्या टिकिटांची (नोंदवलेल्या तक्रारींची) यादी, रिलीजची तारीख, क्लायंटचा आभाराचा मेल, ऑडिटचा शेरा. ‘दिसतं कुठे’चा रकाना रिकामा राहिला तर ते काम खोलीत कुणालाच दिसलेलं नाही असं समजा.

वाक्यं कशी लिहायची याची दोन उदाहरणं देतो.

‘टीमला नेहमी सपोर्ट केला, एक्स्ट्रा जबाबदारी घेतली.’ हे कुणीही लिहू शकतो, आणि सगळे लिहितात. त्याऐवजी: ‘ऑक्टोबरमध्ये दोन सहकारी सोडून गेले. त्यांच्याकडची रात्रीची बॅच जानेवारीपर्यंत मी सांभाळली. त्या काळात एकही एसएलए (क्लायंटला कबूल केलेली वेळ) चुकला नाही.’

रबाळे एमआयडीसीत क्वालिटीला असलेल्या माणसाने ‘क्वालिटी सुधारण्यासाठी प्रयत्न केले’ असं लिहू नये. ‘ग्राहकाकडून परत येणारे पार्ट एप्रिलमध्ये महिन्याला चाळीसच्या घरात होते. गेज बदलण्याचं मी जुलैमध्ये लेखी सुचवलं. सप्टेंबरपासून ते दहाच्या खाली आहेत.’ आधी किती, मी काय केलं, नंतर किती. या क्रमाने लिहिलेलं वाक्य मॅनेजर जसंच्या तसं खोलीत वाचू शकतो.

एक सावधगिरी. पुरावे जमवायच्या नादात कंपनीचे मेल स्वतःच्या जीमेलवर फॉरवर्ड करू नका, क्लायंटची शीट पेन ड्राइव्हवर घेऊ नका. कमी रेटिंगचं दुःख राहिलं बाजूला, डेटा बाहेर नेल्याची चौकशी लागेल. घरच्या वहीत तारीख आणि कामाचं एका ओळीतलं वर्णन पुरतं.

ही फाइल करताना काहींना भलताच शोध लागतो: सहापैकी तीन उद्दिष्टांपुढे लिहायला काही नाही. वर्षभर आग विझवण्यात गेलं, ठरलेलं काम राहिलं. तसं असेल तर भेटीत बोलायचा मुद्दा रेटिंग नसतो. ‘आग विझवणं हेच माझं मुख्य काम झालंय, मग ते केआरएमध्ये का नाही?’ हा असतो. आणि तो बराच भक्कम मुद्दा आहे.

पाचवी पायरी: भेट मागा, आणि एकच प्रश्न नीट विचारा

पत्र आल्यापासून आठ-दहा दिवसांत भेट व्हावी. मेल ऑफिसच्या रीतीने इंग्रजीतच लिहाल, मजकूर साधारण असा: ‘यंदाच्या रेटिंगबद्दल अर्धा तास बोलायचं आहे. माझ्या कामाकडे कॅलिब्रेशनमध्ये कसं पाहिलं गेलं आणि पुढच्या वर्षी नेमकं काय वेगळं दिसायला हवं, हे समजून घ्यायचं आहे. बुधवार किंवा गुरुवार चालेल का?’ ‘अन्याय’, ‘निराश’, ‘शॉक’ हे शब्द नकोत. मीटिंग रूम बुक करा. टपरीवर बोललेलं टपरीवरच राहतं.

भेट अशी जाऊ शकते:

‘सर, रेटिंग बदलून द्या म्हणायला आलो नाहीये. कॅलिब्रेशनमध्ये माझ्याबद्दल काय बोलणं झालं ते समजून घ्यायचंय.’

‘अरे, तुझं काम चांगलंच आहे. त्याबद्दल प्रश्नच नाही. कर्व्हमध्ये बसवताना थोडं इकडेतिकडे होतं.’

‘तुम्ही स्वतः किती दिले होते? चार की तीन?’

(इथे थोडा वेळ कुणी बोलत नाही. तुम्हीही बोलू नका.)

‘चार दिले होते.’

‘मग चाराचे तीन झाले तेव्हा समोरून मुद्दा काय आला?’

‘म्हणजे बघ, क्लायंटसमोर तू कधी दिसत नाहीस, असं आलं.’

‘क्लायंटचा कॉल तुम्हीच घेता, म्हणून मी नसतो. या महिन्यापासून गुरुवारचा कॉल मी घेऊ का? पहिले दोन-तीन तुम्ही ऐकायला बसा.’

‘तुम्ही स्वतः किती दिले होते?’ या प्रश्नाने वाट दोन फाट्यांना लागते. मॅनेजरने चार दिले आणि वर कापले गेले, तर तो तुमच्या बाजूचा आहे. त्याच्याकडे हत्यार कमी पडलं, पुढच्या वर्षी ते तुम्ही पुरवायचं. त्याने स्वतःच तीन दिले असतील तर खोली आणि कर्व्ह विसरा, प्रश्न तुमच्या दोघांतला आहे. तेव्हा विचारा: ‘तुमच्या मते चार म्हणजे काय? आपल्याच टीममधलं, नाव न घेता, एक उदाहरण सांगाल?’ काही मॅनेजर आकडा सांगणारच नाहीत, त्यांना मनाई असते. मग ‘तुमच्या मूळ मतात आणि अंतिम रेटिंगमध्ये फरक पडला का?’ एवढं विचारा. चेहऱ्यावर उत्तर मिळतं.

सहकाऱ्याचं नाव काढू नका. ‘तिला का चार?’ म्हटलंत की पुढचा अर्धा तास तिच्या बचावात जाईल. मोबाइलवर गुपचूप रेकॉर्डिंगही नको. कळलं तर विश्वास गेला, नाही कळलं तरी उपयोग शून्य.

सहावी पायरी: ठरावीक उत्तरांना ठरावीक प्रतिप्रश्न

‘बजेटच नव्हतं.’ हे बहुधा खरं असतं. पण बजेट पैशाचं असतं, शब्दांचं नसतं. अशा वेळी फुकटातल्या गोष्टी मागाव्यात: पदाचं नाव, चांगला प्रोजेक्ट, सर्टिफिकेशनची फी, आठवड्यातले दोन दिवस घरून काम. कल्याण-बदलापूरहून महाप्याला येणाऱ्याला ते दोन दिवस कधी कधी तीन टक्क्यांपेक्षा जास्त मोलाचे पडतात.

‘तू अजून एक वर्ष थांब, पुढच्या वेळी नक्की.’ पुढच्या वेळी हा मॅनेजर इथे असेलच असं नाही. विचारा, ‘नक्की व्हायला डिसेंबरपर्यंत कोणत्या दोन गोष्टी झालेल्या दिसायला हव्यात?’ दोन गोष्टी सांगता आल्या तर ते आश्वासन आहे. नाही सांगता आल्या तर वेळ मारून नेणं आहे.

‘अ‍ॅटिट्यूड.’ हा शब्द आला की प्रसंग विचारा. कोणती मीटिंग, कोणता मेल. प्रसंग सांगितला तर शांतपणे ऐकून घ्या, त्यात अनेकदा तथ्य असतं. आपण ज्याला स्पष्टवक्तेपणा म्हणतो त्याला समोरचा वेगळं काहीतरी म्हणत असतो.

सातवी पायरी: त्याच दिवशी मेल

चार ओळी. आभार, ठरलेल्या दोन गोष्टी, पुढची भेट कधी. ‘गुरुवारचा क्लायंट कॉल मी घेणार, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आढावा.’ मॅनेजर बदलला तर नव्या मॅनेजरसाठी हाच वारसा.

आठवी पायरी: वर जायचं का?

साध्या नाराजीसाठी मॅनेजरच्या वरिष्ठाकडे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तोच त्या खोलीत बसलेला असतो, बहुतेक वेळा निर्णय त्याचाच असतो. रेटिंग बदलून मिळाल्याची उदाहरणं मी फार कमी पाहिली आहेत, आणि त्यांतली बहुतेक हिशोबाच्या चुकीची होती: चुकीचा कालावधी धरला, बदली होऊन आलेल्याचं जुन्या टीममधलं काम मोजलंच नाही, रजा भरताना घोळ झाला. अशी कागदावर दाखवता येणारी चूक असेल तर जरूर जा, आणि मॅनेजरला आधी सांगून जा.

काही प्रसंगी मात्र गप्प बसू नये, कारण तिथे कायदा आहे.

बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या बाईला ‘वर्षात सहाच महिने काम केलं’ म्हणून तळाचं रेटिंग देणं आपल्याकडे सर्रास चालतं. मॅटर्निटी बेनिफिट कायदा १९६१ सालचा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर रजा २६ आठवड्यांची झाली. या रजेच्या काळात किंवा रजेमुळे नोकरीवरून काढणं किंवा नोकरीच्या अटी तिच्या तोट्याच्या दिशेने बदलणं त्या कायद्याने बेकायदा ठरवलं होतं. एचआरला लेखी विचारा: ‘हजर असलेल्या महिन्यांच्या कामावर रेटिंग दिलं आहे का, आणि रजेचे महिने कसे धरले?’ एवढ्या प्रश्नावर फाइल पुन्हा उघडलेली मी पाहिली आहे.

दुसरं, लैंगिक छळाची तक्रार ज्याच्याविरुद्ध केली तोच तुमचं रेटिंग लिहिणार असेल तर. २०१३ च्या पॉश कायद्याखालच्या नियमांत सोय आहे: चौकशी चालू असताना तक्रारदार बाईने लेखी विनंती केली तर अंतर्गत समिती कंपनीला शिफारस करू शकते की त्या माणसाने तिच्या कामाचा अहवाल लिहू नये, ते काम दुसऱ्याकडे द्यावं. ही विनंती आपणहून करावी लागते, आणि ती अप्रेझल सुरू होण्याआधी केलेली बरी.

तिसरं सरकारी नोकरीचं. बेलापूरला केंद्र सरकारच्या कार्यालयांत असाल तर तुमचा ‘अपार’ (एपीएआर, वार्षिक कामगिरी मूल्यमापन) अहवाल तुम्हाला पूर्ण दाखवलाच पाहिजे, आणि मिळाल्यापासून पंधरा दिवसांत त्यावर अभिवेदन करता येतं, म्हणजे लेखी म्हणणं मांडता येतं. यामागे देव दत्त खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा निकाल आहे. सीमा रस्ते विभागातल्या एका कार्यकारी अभियंत्याच्या अहवालात एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा होता. बढतीसाठी ‘अति चांगला’ लागायचा. तो शेरा त्यांना कळवलाच नव्हता, कारण ‘चांगला’ हा काही प्रतिकूल शेरा नव्हे असं खात्याचं म्हणणं. न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक शेरा कळवायला हवा, मग तो कोणताही असो. बढती अडवणारा ‘चांगला’ हा त्या माणसासाठी वाईटच. राज्य शासनात किंवा महापालिकेत असाल तर मुदत आणि पद्धत आस्थापना शाखेत विचारून घ्या, आणि ती टळू देऊ नका.

खासगी कंपनीत निव्वळ रेटिंग पटलं नाही म्हणून बाहेर कुठे दाद मागायला फारशी जागा नसते. इथे वकिलाचे पैसे घालवू नका.

नववी पायरी: पीआयपी लागला तर

खालच्या दहा टक्क्यांत नाव गेलं की काही ठिकाणी पीआयपी, म्हणजे ‘परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन’ किंवा ‘सुधारणा योजना’, हातात पडते, बहुधा तीस, साठ किंवा नव्वद दिवसांची. तिचा मजकूर मोजता येण्यासारखा आहे का ते आधी बघा. ‘कम्युनिकेशन सुधारा’ असं लिहिलं असेल तर लेखी विचारा की ते मोजणार कसं, आणि कोण. दर आठवड्याला काय केलं त्याचा मेल. आणि पहिल्याच दिवसापासून बाहेर अर्ज सुरू. पीआयपीतून तरून गेलेले लोक आहेत, पण त्यांच्यातलेही पुष्कळ वर्षभरात निघून जातात.

खोलीत बोलावून ‘आत्ता राजीनामा दे, नाहीतर टर्मिनेट करू’ असं म्हटलं तर जागेवर सही करू नका. ‘वाचून उद्या उत्तर देतो’ एवढं बोलायचा हक्क प्रत्येकाला आहे. नोटीसचा पगार, रिलीव्हिंग लेटर, रजांचे पैसे हे सगळं लेखी आल्याशिवाय राजीनामा नको.

दहावी पायरी: बाहेर बघायचं ठरलंच तर

राग ताजा असताना इंटरव्ह्यू द्या, निर्णय राग गेल्यावर घ्या. हातात ऑफर असली की त्याच पत्राकडे जरा शांतपणे बघता येतं.

हिशोब फक्त टक्क्यांचा नसतो. ठाण्याहून ऐरोली ट्रान्स-हार्बरवर दोन स्टेशनं. नवी नोकरी लोअर परळला असेल तर वीस टक्के जास्त घेऊन रोजचे दोन तास मोजाल. व्हेरिएबलचे पैसे खात्यात कधी पडतात आणि तोवर नोटीस पीरियडमध्ये नसण्याची अट आहे का, ते वाचा. पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडे महिने असतील तर ग्रॅच्युइटीचा आकडा काढा: शेवटच्या मूळ पगाराला (महागाई भत्ता असेल तर तो धरून) १५ ने गुणा, २६ ने भागा, वर्षांनी गुणा. मूळ पगार ४०,००० असेल तर पाच वर्षांचे १,१५,३८४ रुपये होतात. तीन महिन्यांसाठी ते सोडून जाणारी माणसं मी पाहिली आहेत.

राजीनामा दिल्यावर तीच कंपनी अचानक पंधरा टक्के देऊ करते. मी घेणार नाही. जे बजेट मे महिन्यात नव्हतं ते ऑगस्टमध्ये कुठून आलं, हा प्रश्न मनातून जात नाही.

अकरावी पायरी: राहणार असाल तर पुढच्या खोलीची तयारी

दर शुक्रवारी चार ओळी. गाडीत उभं राहूनही होतात, घणसोलीहून ठाणं येईपर्यंत वेळ असतो. काय केलं, कुणाचं काय अडलेलं सुटलं, आकडा. वर्षअखेरीस आठवून लिहिलेल्या सेल्फ अप्रेझलमध्ये फेब्रुवारी-मार्चचंच भरतं. मॅनेजरच्या डोक्यातही तेच ताजं असतं, त्यामुळे पावसाळ्यात केलेलं मोठं काम दोघेही विसरतात.

दिवाळीनंतर मॅनेजरला एकदा थेट विचारा: ‘आज रेटिंग द्यायचं झालं तर किती द्याल?’ या प्रश्नाला डिसेंबरमध्ये मोकळं उत्तर मिळतं, एप्रिलमध्ये मिळत नाही. आणि वर्षातून निदान एक काम असं घ्या ज्याचा उपयोग शेजारच्या टीमला होईल, म्हणजे खोलीत मान वर करणारा दुसरा कुणीतरी असेल.

कॅलिब्रेशनची तारीख कुणी जाहीर करत नाही, पण एचआरमधल्या ओळखीच्या माणसाला महिना विचारला तर सांगतो. तिच्या आठवडाभर आधी मॅनेजरला पाचच ओळींचा मेल पाठवा, आधी किती आणि नंतर किती याच क्रमाने. पीडीएफ जोडू नका. त्याला ते वाक्य उचलून त्या एक्सेल शीटमध्ये चिकटवता आलं पाहिजे.